‘जोवर’ आणि ‘ज्या ज्या’: रांगेतून नेमकं हवं तेवढं कसं काढायचं

कापसाची खरेदी सुरू झाली की आमच्या राळेगाव तालुक्यात जिनिंगच्या फाटकाबाहेर पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. बंड्या आता कमी झाल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मेटॅडोर वाढले, पण रांग तीच. ग्रेडर एकेका गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढतो, ओलाव्याचं मशीन लावतो आणि आकडा सांगतो. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव असतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात. बाराच्या वर गेला की गाडी माघारी.

दोन हंगामांपूर्वी एका शेतकरी गटासाठी मी या रांगेचा छोटासा प्रोग्राम लिहिला होता. काम एवढंच होतं: टोकन क्रमांकाने गाड्या नोंदवायच्या, ओलावा भरायचा आणि बाराच्या आतल्या गाड्यांची यादी फळ्यावर लावायला काढून द्यायची. पहिल्या दिवशी यादी छापली तर त्यात तीनच नावं. पाचव्या टोकनचे काका यादीपुढे उभे राहून वरून खाली, खालून वर वाचत होते. मला म्हणाले, “काहून रे बाबू, माहा कापूस तं नऊवर निघाला. मंग माहं नाव कुठी हाय?”

त्यांचा कापूस खरंच नऊवर होता. मशीन बरोबर होतं, नोंद बरोबर होती, अटही बरोबर होती. चुकला होता तो माझ्या कोडमधला एक शब्द. ‘ज्या ज्या गाड्या बाराच्या आत आहेत त्या’ असं म्हणायच्या जागी मी ‘जोवर गाड्या बाराच्या आत आहेत तोवर’ असं लिहून बसलो होतो. बोलताना आपण हे दोन्ही एकाच अर्थाने वापरून जातो. प्रोग्रामला तसं चालत नाही. काकांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या आमच्या भागातल्या मुलामुलींना हे एकदा डोळ्यांसमोर दिसलं की पुन्हा विसरता येणार नाही.

मी सी शार्प भाषेत काम करतो. तिच्यात ‘लिन्क’ नावाची सोय आहे. मायक्रोसॉफ्टने ती नोव्हेंबर २००७ मध्ये सी शार्प ३ आणि डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ सोबत आणली. त्याआधी यादीतून काही निवडायचं तर ‘फॉर’चा फेरा लिहा, आत ‘इफ’ घाला, नवी यादी तयार करा, मोजणीचा आकडा सांभाळा, असा सगळा खटाटोप प्रत्येक वेळी करावा लागायचा. लिन्कने या रोजच्या कामांना नावं दिली. निवडायचं तर ‘व्हेअर’, क्रम लावायचा तर ‘ऑर्डरबाय’, रूप बदलायचं तर ‘सिलेक्ट’. ही नावं म्हणजेच क्वेरी ऑपरेटर. रांगेचा तुकडा काढणाऱ्यांची त्यातच एक वेगळी भावकी आहे: टेक, स्किप, टेकव्हाइल आणि स्किपव्हाइल. कल्पना मात्र लिन्कपेक्षा जुनी आहे. हॅस्केल भाषेत या चौघांची भावंडं आधीपासून होती. पायथॉनच्या इटरटूल्स नावाच्या संचात ‘टेकव्हाइल’ आणि ‘ड्रॉपव्हाइल’ आहेत, जावाने हे दोन्ही २०१७ साली नवव्या आवृत्तीत घेतले. म्हणून तुमची भाषा वेगळी असली तरी पुढचं बहुतेक सगळं तुमच्याही कामाचं आहे.

रांग म्हणजे काय, तेवढं आधी ठरवून घेऊ. एकामागून एक येणाऱ्या कशालाही मी इथे रांग म्हणतो. यादी, फाइलमधल्या ओळी, डेटाबेसमधून येणाऱ्या नोंदी, रोजचा पाऊस, सगळंच. तिच्याबद्दल एकच गोष्ट पक्की असते: ‘पुढचा’ म्हटलं की ती पुढचा देते, नाहीतर ‘संपलं’ म्हणून सांगते. शेवट कुठे आहे हे तिला स्वतःला माहीत असेलच असं नाही.

आता त्या दिवशीच्या आठ गाड्यांचा ओलावा घ्या, टोकनच्या क्रमाने:

९, १०, ८, १३, ९, ११, १४, १०

‘टेक’ला ३ आकडा दिला की पहिले तीन मिळतात: ९, १०, ८. ‘स्किप’ला ३ दिला की पहिले तीन सोडून उरलेले: १३, ९, ११, १४, १०. इथे अट नाही, तपासणी नाही, नुसती मोजणी. एकाने जिथे कापलं तिथूनच दुसऱ्याने उचललं, त्यामुळे दोन्ही तुकडे जोडले की मूळ रांग जशीच्या तशी परत मिळते. आठच गाड्या असताना ‘टेक’ला २० सांगितले तरी तो भांडत नाही, आठ देऊन थांबतो. ‘स्किप’ला २० सांगितले तर रिकामी रांग मिळते. शून्य किंवा उणे आकडा दिला तर ‘टेक’ काहीच देत नाही आणि ‘स्किप’ काहीच सोडत नाही. यातल्या कशानेही प्रोग्राम कोसळत नाही. हे सोयीचं आहेच, पण यामुळेच चुकलेला आकडा लवकर लक्षात येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मूळ रांगेला कुणी हात लावत नाही, हे मुद्दाम सांगतो. शिकणाऱ्यांना हमखास वाटतं की ‘स्किप’ केलं म्हणजे पहिल्या तीन गाड्या यादीतून गेल्या. तसं होत नाही. यादी तिथेच असते, आपण फक्त तिच्याकडे कुठून बघायचं ते ठरवतो.

माझी चूक नेमकी कुठे होती

‘टेकव्हाइल’ला आकडा द्यायचा नसतो, अट द्यायची असते. तो रांगेच्या तोंडाशी उभा राहतो आणि एकेकाला तपासतो. अट जुळली, घेतला. जुळली, घेतला. पहिल्यांदा जिथे अट मोडली तिथे तो दार लावून घेतो आणि मागे कोण आहे ते बघतही नाही. ‘ओलावा १२ किंवा कमी’ ही अट आपल्या आठ गाड्यांना लावली तर ९, १०, ८ मिळतात. चौथी गाडी १३ निघाली, तिथे सगळं थांबलं. पाचव्या गाडीचा नऊ त्याने पाहिलाच नाही. काकांचं नाव तिथे राहिलं.

तीच अट ‘व्हेअर’ला दिली असती तर तो शेवटच्या गाडीपर्यंत गेला असता आणि ९, १०, ८, ९, ११, १० अशा सहा गाड्या हाती आल्या असत्या. हवं होतं ते हेच.

‘स्किपव्हाइल’ टेकव्हाइलच्या उलट वागतो आणि मुलं सगळ्यात जास्त इथे गोंधळतात. त्याला तीच अट दिली तर अट जुळते तोवर तो सोडत जातो. पहिल्यांदा मोडली की त्या गाडीपासून पुढचं सगळं देतो. आपल्या रांगेत मिळेल १३, ९, ११, १४, १०. नीट बघा, यात नऊ आहे, अकरा आहे, दहा आहे. बाराच्या आतल्या गाड्या त्याने ‘काढून टाकल्या’ नाहीत. एकदा दार उघडल्यावर त्याने कुणालाच तपासलं नाही. ज्या गाडीने अट मोडली ती तेराची गाडीसुद्धा उरलेल्यांतच आली.

मी याचं उदाहरण एसटीचं देतो. वर्ध्याहून यवतमाळला जाणारी गाडी वर्धा, देवळी, भिडी, कळंब, यवतमाळ अशी जाते. ‘देवळी येत नाही तोवर सोड’ असं स्किपव्हाइलला सांगितलं की देवळी, भिडी, कळंब, यवतमाळ उरतं. देवळीला चढणाऱ्या माणसाच्या कामाचं तेवढंच. ‘कळंब येत नाही तोवर घे’ असं टेकव्हाइलला सांगितलं तर वर्धा, देवळी, भिडी मिळतं. कळंब त्यात नाही! ज्याच्यापाशी थांबायचं त्यालाही धरून घ्यायचं असेल तर वेगळी सोय करावी लागते. तिकीट कळंबपर्यंतचं काढून भिडीला उतरायची वेळ यावी तशी ही चूक असते आणि ती कुठल्याही भाषेत होते.

मग टेकव्हाइल कुणाच्या कामाचा? ज्या रांगेत क्रमालाच अर्थ आहे तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही. पावसाची वही घ्या. गावातल्या पर्जन्यमापकावर रोज सकाळी आकडा लिहिला जातो. समजा मिरगाच्या सुरुवातीपासूनचे दहा दिवस, मिलिमीटरमध्ये, असे आहेत:

०, ०, ०, १२, ३१, ८, ०, ०, २२, ५

कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. कोरडवाहू वावरात पहिल्या झडीवर पेरलं आणि पुढे उघाड पडली की बी करपतं, मग दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे दोनदा जातात. तेव्हा कास्तकाराचा प्रश्न असा असतो: पहिली झड किती दिवसांची होती आणि तिच्यात पाऊस किती पडला?

याचं उत्तर दोन ऑपरेटर जोडून मिळतं. ‘पाऊस शून्य आहे तोवर सोड’ म्हटलं की सुरुवातीचे कोरडे दिवस गळतात आणि १२, ३१, ८, ०, ०, २२, ५ उरतात. त्यावर ‘पाऊस शून्याहून जास्त आहे तोवर घे’ म्हटलं की १२, ३१, ८ हाती येतात. तीन दिवसांची झड, बेरीज ५१. पेरणीला पुरेशी नाही. इथे मी ‘व्हेअर’ वापरून पावसाचे सगळे दिवस निवडले असते तर पाच दिवस आणि बेरीज ७८ आली असती. तीही बेरीज खरी आहे, पण ती दहा दिवसांच्या पावसाची आहे, मधल्या उघाडीसकट. प्रश्न पहिल्या झडीचा होता. ‘व्हेअर’ला झड कळत नाही आणि उघाडही कळत नाही, त्याला एकेक दिवस सुटासुटाच दिसतो. एकाला लागून एक असण्याचा अर्थ कळतो तो टेकव्हाइल आणि स्किपव्हाइललाच.

म्हणून अट लिहायच्या आधी मी आता ती मोठ्याने मराठीत म्हणून बघतो. तोंडातून ‘ज्या ज्या’ आलं तर व्हेअर. ‘जोवर’ आलं तर टेकव्हाइल. ‘होईपर्यंत जाऊ दे’ आलं तर स्किपव्हाइल.

अजून एक बारकावा इथेच सांगतो. ‘टेक’ला तीन सांगितले तर तो तीन घेऊन थांबतो, चौथ्याला हातही लावत नाही. टेकव्हाइलला मात्र थांबायचं कधी हे कळण्यासाठी अट मोडणारी गाडी आधी बघावीच लागते. म्हणजे तेराची गाडी काट्यापर्यंत येतेच, नंतर तिला नाही म्हणतात. सी शार्पमध्ये साध्या यादीवर काम करताना याने फरक पडत नाही, कारण पुढच्या वेळी रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पण पायथॉनमधल्या इटरेटरसारखी एकदाच वाहून जाणारी रांग असेल तर टेकव्हाइलने बघून नाकारलेला घटक परत मिळत नाही. पुढे उरलेलं वाचायला गेलात की मधलाच एक गायब असतो. पायथॉन वापरणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

चिठ्ठी लिहिली म्हणजे किराणा आला नाही

लिन्कमधली जी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते आणि जिने नवख्यांना सगळ्यात जास्त छळलं आहे, ती ही. क्वेरी, म्हणजे हे ऑपरेटर जोडून केलेली मागणी, लिहिली त्या क्षणी काहीच घडत नाही. ती किराण्याची चिठ्ठी आहे. सामान तेव्हाच येतं जेव्हा कुणी ती घेऊन दुकानात जातं, म्हणजे ‘फॉरईच’ने फेरा मारला, ‘टूलिस्ट’ म्हटलं, ‘काउंट’ किंवा ‘सम’ मागितलं तेव्हा.

आणि सामान येतं तेही एकदम नाही, मागेल तसं एकेक. आपल्या आठ गाड्यांवर ‘व्हेअर, ओलावा १२ किंवा कमी’ आणि त्यापुढे ‘टेक ४’ असं लिहा आणि आत काय होतं ते हळूहळू बघा. टेक व्हेअरला म्हणतो, एक दे. व्हेअर रांगेला म्हणतो, पुढची आण. ९ येते, अटीत बसते, व्हेअर ती पुढे सरकवतो. टेकने मोजलं, एक. पुन्हा तसंच १०, पुन्हा ८. टेक म्हणतो, चौथी दे. व्हेअर पुढची मागतो, १३ येते, बसत नाही. व्हेअर टेकला काही सांगत नाही, गुपचूप रांगेतली पुढची ओढतो. ९ येते, बसते, पुढे जाते. टेकचे चार भरले. तो थांबला आणि तो थांबला म्हणून व्हेअरही थांबला, रांगही थांबली. सहावी, सातवी, आठवी गाडी कुणी तपासलीच नाही. फाइलमध्ये दहा लाख ओळी असत्या तरी काम पाच ओळींतच झालं असतं. कधीच न संपणाऱ्या रांगेवरही ‘टेक’ सुखाने चालतो तो याच कारणाने.

मधे ‘ऑर्डरबाय’ आला की हे सुख संपतं. सगळ्यांत कोरडा कापूस कोणाचा हे शेवटची गाडी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून तो आधी पूर्ण रांग आत घेतो आणि मगच पहिला बाहेर सोडतो. तो गरजेचा असेल तर वापरायचाच, पण फुकट मिळत नाही हे माहीत असावं.

छळणारा भाग असा की अटीतली किंमतही चालवण्याच्या वेळचीच धरली जाते. ‘मर्यादा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये १२ ठेवा, त्यावर व्हेअरची क्वेरी लिहा, नंतर मर्यादा १० करा आणि मग यादी मागा. सहा गाड्या येणार नाहीत, पाचच येतील, अकराची गळेल. क्वेरीने बारा हा आकडा घेतलाच नव्हता, तिने ‘मर्यादा’ हे नाव लक्षात ठेवलं होतं. शिवाय तीच क्वेरी दोनदा फिरवली तर काम दोनदा होतं. फाइल दोनदा वाचली जाते, डेटाबेसकडे दोनदा फेरी जाते आणि मधल्या वेळात नवी गाडी लागली असेल तर दोन उत्तरं दोन प्रकारची येतात. उत्तर एकदाच काढून गोठवायचं असेल तर टूलिस्ट करून हाती घ्या आणि पुढे त्या यादीवर काम करा.

ऑपरेटर कोणत्या क्रमाने जोडले यानेही उत्तर बदलतं. ‘आधी टेक ५, मग व्हेअर’ लिहिलं तर पहिल्या पाचांतले बाराच्या आतले, म्हणजे चार: ९, १०, ८, ९. ‘आधी व्हेअर, मग टेक ५’ लिहिलं तर बाराच्या आतले पहिले पाच: ९, १०, ८, ९, ११. मराठीत ‘पहिल्या पाचांतले चांगले’ आणि ‘चांगल्यांतले पहिले पाच’ यात कुणाची गल्लत होत नाही. कोड वाचताना मात्र सगळ्यांची होते.

बाकीची भावंडं भराभर सांगतो. डॉट नेट ६ मध्ये, २०२१ साली, ‘टेक’ला पल्ला देता येऊ लागला. २ ते ५ असा पल्ला दिला की ८, १३, ९ मिळतात, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शेवटचा आकडा धरत नाहीत. ‘टेकलास्ट’ शेवटून घेतो. गेल्या सात दिवसांचा पाऊस हवा तर टेकलास्ट ७. पण शेवट गाठल्याशिवाय शेवटचे सात कळत नाहीत, म्हणून न संपणाऱ्या रांगेवर त्याला कधी सोडू नका. एकच घटक हवा तर ‘फर्स्ट’, आणि एकच असायला हवा अशी खात्री करून घ्यायची असेल तर ‘सिंगल’. दुसरा सापडला की सिंगल तक्रार करतो आणि आधार क्रमांकासारख्या ठिकाणी ती तक्रार हवीच असते. ‘फर्स्टऑरडिफॉल्ट’ जपून वापरा. काही सापडलं नाही तर आकड्यांच्या रांगेत तो ० देतो. पावसाच्या वहीत शून्य म्हणजे ‘पाऊस पडला नाही’ असा खरा आकडा आहे. नोंदच नाही की पाऊस नाही, हे मग कळणार कसं? डॉट नेट ६ पासून ‘काही नसेल तर हे दे’ अशी आपली किंमत देता येते. तिथे उणे एक द्या.

‘चंक’ही त्याच आवृत्तीत आला आणि आपल्याला तो वेगळा शिकवायची गरज नाही, कारण आपण पंगतीत जेवलो आहोत. लग्नात २३० माणसं आणि मंडपात एका वेळी ५० पानं. पन्नासाच्या चार पंगती उठतात आणि शेवटच्या पंगतीला तीस माणसं बसतात. कुणी राहत नाही, कुणी दोनदा जेवत नाही आणि शेवटची पंगत छोटी असू शकते. चंकला ५० सांगितलं की तो नेमकं हेच करतो. शेतकऱ्यांना एकदम हजारो संदेश पाठवायचे असतील आणि पाठवणारी सेवा एका वेळी शंभरच घेत असेल तेव्हा मी हाच वापरतो.

रांग कुणी लावली?

आता डेटाबेस. गटाच्या सभासदांची यादी मोबाइलवर वीस-वीसच्या पानांनी दाखवायची आहे. हिशोब सोपा आहे: पान क्रमांकातून एक वजा करा, वीसने गुणा, तेवढे स्किप, मग टेक २०. तिसऱ्या पानासाठी ४० सोडून २० घ्यायचे, म्हणजे ४१ ते ६०. एंटिटी फ्रेमवर्क, म्हणजे सी शार्प आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा, हे स्किप आणि टेक स्वतःच एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, बदलतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘ऑफसेट’ आणि ‘फेच’ आहेत, पोस्टग्रेसमध्ये ‘लिमिट’ आणि ‘ऑफसेट’. टेकव्हाइल आणि स्किपव्हाइल लिहिलेत तर मात्र तिथे थेट एरर येते. त्यांचा अर्थच क्रमावर उभा आहे आणि डेटाबेसच्या टेबलला स्वतःचा क्रम नसतो.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. टेबल म्हणजे रांग नाही, आठवडी बाजारातली गर्दी आहे. ऑर्डरबाय न लावता ‘पहिले वीस’ मागितले तर डेटाबेस त्याला सोपे पडतील ते वीस देतो. आज जे दिले तेच उद्या देईन असं वचन त्याने कधी दिलेलं नसतं. चाचणीच्या वेळी पन्नास नोंदी असतात, प्रत्येक वेळी तोच क्रम येतो, आपल्याला वाटतं सगळं नीट आहे. गावात चालू केल्यावर बिघडतं.

ऑर्डरबाय लावूनही बिघडतं आणि हे मी स्वतः पाहिलं. यादी आडनावाने लावली होती. आमच्याकडे एका गावात एकाच आडनावाची तीस-चाळीस घरं सहज असतात. ती सगळी डेटाबेसच्या लेखी सारखी. त्यांच्यात आधी कोण, नंतर कोण हे ठरलेलं नसल्याने दुसरं पान मागताना एक क्रम लागला आणि तिसरं मागताना दुसरा. एक ताई दोन्ही पानांवर दिसल्या आणि त्यांच्या शेजारच्या घरातलं नाव कुठल्याच पानावर नव्हतं. एकूण संख्या बरोबर येत होती, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. अनुदानाची यादी असती तर त्या घरावर काय वेळ आली असती, या विचाराने मला अजून अस्वस्थ वाटतं. उपाय एका शब्दाचा होता. आडनावानंतर ‘देनबाय’ लावून सभासद क्रमांक जोडला. तो प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे बरोबरी उरत नाही आणि रांग प्रत्येक वेळी तशीच लागते.

मोठ्या यादीत स्किपला आणखी एक अडचण आहे. ‘चाळीस हजार सोडून वीस दे’ म्हटलं की डेटाबेस चाळीस हजार नोंदी ओलांडूनच पुढे जातो. वाचतो, मोजतो, सोडून देतो. पान जितकं पुढचं तितका उशीर. आणि तुम्ही पहिलं पान वाचत असताना वरच्या बाजूला एक नवीन नाव घुसलं तर सगळं एकाने खाली सरकतं आणि दुसऱ्या पानाच्या तोंडाशी आधी पाहिलेलंच नाव पुन्हा येतं.

आमची आई वेचा थांबवते तिथल्या पऱ्हाटीला चिंधी बांधून येते. दुसऱ्या दिवशी ती धुऱ्यापासून पऱ्हाटीच्या ओळी मोजत बसत नाही, चिंधी बघते आणि तिथून पुढे वेचायला लागते. डेटाबेसमध्येही असंच करता येतं. मागच्या पानावरच्या शेवटच्या सभासदाचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि पुढचं पान मागताना स्किप न वापरता ‘व्हेअर, क्रमांक याहून मोठा’, क्रमांकाने ऑर्डरबाय, टेक २० असं लिहायचं. क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय, असला की डेटाबेस थेट त्या जागी पोहोचतो. मागे कितीही नावं वाढली तरी चिंधी हलत नाही. क्रम आडनावाचा हवा असेल तर खूणही दोन गोष्टींची ठेवावी लागते, आडनाव आणि क्रमांक. अट थोडी लांबते: आडनाव पुढचं, किंवा आडनाव तेच पण क्रमांक मोठा.

यात थेट सदतिसाव्या पानावर उडी मारता येत नाही. ‘पुढचे’ म्हणतच जावं लागतं. आमच्या यादीला ती उडी लागत नव्हती. बांधावर उभं राहून मोबाइलवर अंगठ्याने यादी वर सरकवणारा माणूस पान क्रमांक बघत नाही, म्हणून गटाच्या यादीत आता स्किप कुठेच नाही. खरेदीच्या यादीत व्हेअर आहे आणि टेकव्हाइल फक्त पावसाच्या वहीत उरला आहे.